अंगठा, तीन पोकेमॉन आणि आमच्या घरातली एक रात्र

मागच्या लेखात मधुमेहींनी पायांची काळजी कशी घ्यावी ते पाहिलं होतं. पुढचा लेख थायरॉइडवर लिहायचा ठरवलं होतं, तो थोडा पुढे ढकलतोय. आज माझ्या स्वतःच्या अंगठ्यापासून सुरुवात करतो.

यंदा मे महिन्यात माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखायला लागलं. रुग्णाच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळताना कळ यायची. आठवडाभर दुर्लक्ष केलं (डॉक्टर लोक स्वतःच्या बाबतीत हेच करतात) आणि मग आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्राकडे गेलो. त्याने हात बघितला आणि हसत विचारलं, "किती गाई पिळतोस रे रोज?"

बारामती-इंदापूर भागात हा प्रश्न अगदी रास्त आहे. हाताने धारा काढणाऱ्या बायका, बाळाला सारखं उचलून घेणाऱ्या नव्या आया आणि हल्ली मोबाइलवर अंगठा चालवणारी पोरं, असे तिन्ही प्रकारचे रुग्ण हे दुखणं घेऊन माझ्याकडे येतात. याला डी क्वेर्व्हेनचा आजार म्हणतात. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस सर्जनने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या म्हणा, मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. एकच हालचाल पुन्हा पुन्हा केली की बोगद्याचं आवरण जाड होतं, सुजतं आणि दोरी घासायला लागते. घरी बघायचं असेल तर अंगठा तळहातावर घ्या, त्यावर चारही बोटांची मूठ मिटा आणि मनगट अगदी हलकेच करंगळीच्या बाजूला झुकवा. थोडा ताण सगळ्यांनाच जाणवतो, पण अंगठ्याच्या मुळाशी सणकून कळ आली तर डॉक्टरांना दाखवा. अंगठ्याला आधार देणारा पट्टा, काही आठवडे विश्रांती आणि दाहशामक गोळ्या एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं. काहींना स्टिरॉइडचं इंजेक्शन लागतं, शस्त्रक्रिया क्वचितच.

मी मित्राला खरं कारण सांगितलं. गाई नाहीत, पोकेमॉन.

व्हिडिओ गेममुळे अंगठा दुखणं वैद्यकशास्त्राला नवीन नाही. १९९० मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका बाईची नोंद छापून आली आहे. निन्टेंडोचा खेळ सलग ५ तास खेळून तिने अंगठा दुखवून घेतला होता. डॉक्टरांनी त्या दुखण्याला गमतीने 'निन्टेंडिनायटिस' असं नाव दिलं. आता तुम्ही विचाराल, ५४ वर्षांचा एम.डी. झालेला माणूस, रोज पालकांना 'मोबाइल काढून घ्या' म्हणून सांगणारा, हा कशाला पोकेमॉन खेळतोय? त्याचं उत्तर लांब आहे. जे लिहितोय ते मुलाला वाचून दाखवून, त्याची परवानगी घेऊन लिहितोय.

माझा मुलगा बारावीनंतर नीटमध्ये मागे पडला. ७२० पैकी जे गुण मिळाले त्यात एमबीबीएस मिळणार नव्हतं. मी त्याला पुन्हा तयारीसाठी लातूरला एका क्लासच्या वसतिगृहात ठेवलं. पहाटे साडेपाचला उठायचं, रात्री अकराला दिवा बंद. सहा महिन्यांत तो सात किलो उतरला आणि फेब्रुवारीत बॅग घेऊन बारामतीला परत आला. अभ्यास घरीच करतो म्हणाला, पण केला नाही. मेची परीक्षा कशीबशी दिली, तिचा निकाल आधीपेक्षा खाली. त्याच्या मामाने अमेरिकेहून निन्टेंडो स्विच आणलं होतं, त्यावर तो रात्री दोन-तीनपर्यंत खेळायचा आणि दुपारी बाराला उठायचा.

मी निदान केलं: व्यसन. उपचारही केला. ते यंत्र कपाटात, लॅबच्या जुन्या फायलींखाली ठेवून कुलूप लावलं.

तीन आठवडे झाले. अभ्यास सुरू झाला नाही. झोप सुधारेल असं मला वाटलं होतं, ती आणखी बिघडली. आता तो रात्री नुसताच जागा असायचा. जेवायला हाक मारली की "भूक नाही". आंघोळीलाही दोन-दोन दिवस टाळाटाळ. घरात दार आपटल्याचासुद्धा आवाज नाही. पोरगं आदळआपट करतं तेव्हा आपण घाबरतो, पण शांत होतं तेव्हा जास्त घाबरायला हवं हे मी स्वतः रुग्णांच्या नातेवाइकांना सांगत आलोय.

एका रात्री बायको म्हणाली, "अहो, तो काय खेळतो हे तरी त्याला कधी विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. साधा खोकला घेऊन आलेल्या माणसाला मी दहा प्रश्न विचारतो. कधीपासून, रात्री जास्त की सकाळी, कफ कोणत्या रंगाचा. पोराला एक प्रश्न न विचारता औषध लिहून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर कुलूप उघडलं, यंत्र टीव्हीला जोडायला त्यालाच सांगितलं आणि शेजारी बसलो. म्हणालो, मला शिकव.

खेळाचं नाव सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट. डिसेंबर २०१८ मध्ये आलेला मारामारीचा खेळ. निरनिराळ्या गेममधली ८० हून जास्त पात्रं त्यात एकमेकांशी लढतात. मुलगा किर्बी घ्यायचा, म्हणजे गुलाबी फुग्यासारखा एक गोळा. पात्रांचा तक्ता समोर आल्यावर मी म्हटलं, माझ्यासाठी तूच निवड. त्याने क्षणभर विचार केला आणि टोपी घातलेल्या एका पोरावर बोट ठेवलं. पोकेमॉन ट्रेनर.

"हा घ्या, पप्पा. हा स्वतः लढत नाही. मागे उभा राहून सांगत असतो."

आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुमच्यासारखा."

तीन आठवड्यांत तो माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात मोठं वाक्य होतं, म्हणून मी ते पचवलं.

आता हा ट्रेनर काय प्रकार आहे ते सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. त्याच्याकडे तीन प्राणी असतात. स्क्वर्टल म्हणजे छोटंसं निळं कासव. चपळ, पण वजनाला हलकं. आयव्हीसॉर हा पाठीवर कळी असलेला मध्यम आकाराचा प्राणी. पानं फेकतो, वेलीने लांबून फटके मारतो. चारिझार्ड म्हणजे पंखवाला, आग ओकणारा धिप्पाड गडी. मैदानात एका वेळी एकच. एक बटण दाबलं की आतला बाहेर आणि बाहेरचा आत, पण क्रम ठरलेला: स्क्वर्टल, आयव्हीसॉर, चारिझार्ड, पुन्हा स्क्वर्टल. ट्रेनर स्वतः मागे उभा असतो, त्याला कुणाचा मार लागत नाही.

या खेळात मार खाल्ला की शक्ती कमी होत नाही, टक्के वाढतात. शून्यापासून सुरुवात. जितके टक्के जास्त तितके तुम्ही पुढच्या फटक्याला लांब उडता. पडद्याच्या हद्दीबाहेर गेलात की एक लाइफ गेली. मला वाटलं, तीन प्राणी आहेत म्हणजे तीन वेगळे खाती असणार. एक पिटला गेला की दुसरा ताजातवाना. तसं नसतं. टक्के तिघांत सामाईक. कासवाने खाल्लेला मार चारिझार्डच्या नावावर तसाच पुढे येतो. मग बदलायचं कशासाठी? प्रसंग बघून. जवळच्या झटापटीला कासव, अंतर राखायचं असेल तर आयव्हीसॉर, आणि कडेवरून खाली पडताना चारिझार्ड, कारण तो उडून परत येऊ शकतो. आयव्हीसॉरला परत यायचं तर वेल फेकून कडा पकडावी लागते. कडा हुकली की गेला.

मी अर्थातच सारखा चारिझार्ड घेऊन बसायचो. त्याची एक चाल आहे, आगीचा लोळ होऊन समोरच्यावर धडकायचं. दिसायला जोरदार. मी तेवढी एकच चाल खेळत होतो. चौथ्या-पाचव्या डावाला मुलगा म्हणाला, "पप्पा, त्यात तुम्हालाही लागतं. तुमचे टक्के बघा ना." बघितलं, खरंच वाढत होते. मी आपलंच डोकं फोडून घेत होतो. एकदा तर किर्बीने चारिझार्डला गिळलं आणि बाहेर टाकल्यावर त्याच्याच डोक्याची टोपी घालून नाचायला लागला. मुलगा हसला. फार नाही, नाकातल्या नाकात. पण आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

रोज रात्री जेवणानंतर पाऊण तास असं ठरलं. आधी जेवण, मग खेळ, ही अट त्याच्या आईची. चौथ्या दिवसापासून तो दोन पोळ्या खायला लागला.

एकदा त्याने सांगितलं की २००८ च्या गेममध्ये हे प्राणी थकायचे. दोन मिनिटांच्या आसपास मैदानात राहिले की त्यांचा मार हलका पडायचा, आत पाठवून विश्रांती द्यावीच लागायची. २०१८ च्या खेळात थकवा काढून टाकला. मी विचारलं, का? "लोकांना आवडत नव्हतं. प्रत्येकाला आपला आवडता घेऊनच खेळायचं असतं." मग थोड्या वेळाने, "लातूरला आमच्या खोलीत एक जण बसल्या-बसल्या झोपायचा. सर त्याला उभं करायचे." एवढंच. मी काही बोललो नाही. तिथे ठेवायचा निर्णय माझा होता.

दहा-बारा दिवसांनी ती रात्र आली. आठ डाव हरून झाले होते. दोघांचे डोळे टीव्हीवर. मी ओपीडीत निराशेच्या रुग्णांना जो प्रश्न विचारतो तो विचारला. विद्यार्थी असल्यापासून आम्हाला शिकवलेलं असतं की हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात आत्महत्येचा विचार घुसत नाही. उलट तो आधीपासून असेल तर माणसाला बोलायला वाट मिळते. हे मी शेकडो नातेवाइकांना सांगितलंय. स्वतःच्या पोराला विचारताना मात्र घशाला कोरड पडली.

"तुला कधी असं वाटतं का रे, की आपण नसतो तर बरं झालं असतं?"

त्याचे अंगठे थांबले नाहीत.

"कधी कधी."

"आज?"

"आज नाही. लातूरला असताना. आणि तुम्ही ते कपाटात ठेवलंत तेव्हा दोन-तीनदा." मग एकदम, "पप्पा, बदला! आयव्हीसॉर पडतोय."

मी बटण दाबलं, पण उशीर झाला होता. पुढचा डाव त्यानेच सुरू केला. त्या डावात आणि त्याच्या पुढच्या डावात मी उरलेले प्रश्न विचारले. कसं करायचं याचा विचार केला होता का, काही जमवून ठेवलं आहे का, कुणाला सांगितलं आहे का. त्याने सगळ्यांची उत्तरं दिली. समोरासमोर खुर्चीत बसवून विचारलं असतं तर दिली असती असं मला वाटत नाही. तो झोपल्यावर घरातली माझी स्वतःची औषधांची पेटी उचलून दवाखान्यात नेऊन ठेवली. परत आल्यावर बीपी मोजलं. १६८/१००. माझ्या चार्टवर ते लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मनोविकारतज्ज्ञ मित्राला फोन केला. आपल्या माणसाचे उपचार आपण करू नयेत, यात मनाचे आजार सगळ्यात आधी येतात. त्याने दोन भेटींत निदान केलं: नैराश्य, मध्यम तीव्रतेचं. समुपदेशन आणि गोळ्या दोन्ही सुरू झालं. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून बंद करू नका. तरुण मुलांमध्ये तर सुरुवातीच्या दिवसांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं असतं.

मग ते व्यसन नव्हतं का? जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत स्थान दिलं आहे. २०१९ मध्ये यादी मंजूर झाली आणि जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात किती तास खेळतो हे मोजलेलंच नाही. बघायचं ते हे: खेळावर ताबा राहिलेला नाही, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ झाला आहे, आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळणं चालूच आहे किंवा वाढतंय. त्यातून शिक्षण, घर, नाती यांची ठळक हानी झालेली असावी आणि हे साधारण १२ महिने चाललेलं असावं. माझ्या इंदापूरच्या ओपीडीत सतरा वर्षांचा एक मुलगा आला होता. दीड वर्ष कॉलेज नाही, घरातले पैसे चोरून गेममध्ये घातलेले, फोन काढून घेतल्यावर आईवर हात उगारलेला. त्याला हे निदान लागू होतं, त्याला उपचारांची गरज होती. तेव्हा गेम निर्दोष असतात असं मी म्हणत नाही.

पण आमच्याकडे क्रम उलटा होता, आणि तो मी पाहिलाच नाही. मित्रांचे फोन घेणं आधी बंद झालं, मग क्रिकेट, मग जेवण, मग झोप. रात्रीचा गेम त्यानंतर आला. सगळं सुटल्यावर हाताशी उरलेली ती एकच गोष्ट होती आणि तीही मी कुलपात घातली. तुमच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल तर यंत्र काढून घेण्याआधी एवढं आठवून बघा, आधी काय बंद झालं? मुलांमधलं नैराश्य रडूनच दिसतं असं नाही. चिडचिड, न थांबणारी डोकेदुखी-पोटदुखी, झोपेचा उलटलेला दिवस, आवडीच्या गोष्टी सुटणं, हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर दाखवा. रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलायचं असेल तर शासनाची टेली-मानस ही सेवा आहे, क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. जिवाचं काही करीन असं कुणी बोललं तर त्याला एकटं ठेवू नका, घरातली औषधं आणि शेतीची कीटकनाशकं कुलपात ठेवा. आपल्या भागात शेवटचं फार महत्त्वाचं.

पोकेमॉन म्हटल्यावर काही पालक फिटबद्दल विचारतात, तेही सांगून टाकतो. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या कार्टूनचा एक भाग लागला. त्यात लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण १२ वेळा लुकलुकत होता. तो बघून ६८५ लोकांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. तो भाग पुन्हा कधी दाखवला गेला नाही. काही थोड्या लोकांचा मेंदू अशा लुकलुकीला संवेदनशील असतो. घरात कुणाला फिट येत असेल तर अंधाऱ्या खोलीत, पडद्याला नाक लावून खेळू देऊ नका. दिवा लावा, अंतर ठेवा.

या सगळ्याला आता वर्ष होत आलं. मुलाने नीट सोडली आणि बारामतीतच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. मधल्या काळात दोनदा मन पुन्हा खाली गेलं, एकदा गोळीचा डोस बदलावा लागला. गेम चालू आहे, रात्री अकराला बंद होतो. कधी पावणेबारा वाजतात. मी आता तिन्ही प्राणी वापरतो, पण अंगठा गेला.

परवा तुकोबांची पालखी आली. दरवर्षीप्रमाणे आम्ही डॉक्टर मंडळी वारकऱ्यांच्या तपासणीला होतो. पायाला फोड, जुलाब, उन्हाचा त्रास, विसरलेल्या बीपीच्या गोळ्या. यंदा मुलगा स्वतःहून आला आणि मलमपट्टीच्या टेबलावर बसला. बारामतीचा मुक्काम हलल्यावर आम्ही काटेवाडीपर्यंत गेलो. तिथे परीट मंडळी धोतराच्या पायघड्या घालतात आणि मग मेंढ्यांचं रिंगण होतं. पालखीभोवती मेंढ्यांचा कळप धावतो, धुळीचा लोट उठतो आणि मेंढपाळ त्या गर्दीत आवाज देत पळत असतो. एक मेंढी कळप सोडून आमच्याकडे वळली. मेंढपाळ धावत आला, तिला काखेत धरून वळवली आणि परत पळाला. घामाने निथळत होता, पायाला खरचटलेलं.

मुलगा म्हणाला, "पप्पा, हा बघा खरा ट्रेनर. ह्याला पण लागतंय."

त्या मेंढपाळाला नंतर आमच्या टेबलावर बोलावून घेतलं. जखम मुलाने धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन मी दिलं. रात्री घरी येऊन तीन डाव खेळलो, तिन्ही हरलो. अंगठ्याला पट्टा आहे, हे कारण त्याने मान्य केलं नाही.